तोंड माजा, न आवाज कुनाचा?



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या सातवीच्या वर्गातल्या तिघी मुलींनी एक व्हिडिओ बनवला. इथे गव्हाणमध्ये एकीच्या घरी कपाटावर व्हीएचएस कॅसेट पडून होती, १९९६ सालच्या लग्नाची. त्यात तिची आजी धवला गाताना दिसते. आगरी-कोळी लग्नांत धवलारणीशिवाय विधी पुढे सरकत नसत, इतका तिचा मान. महदंबेचे धवळे आपण डीएडला परीक्षेपुरते पाठ केले. तोच शब्द इथल्या मांडवात अजून जिवंत आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं!

मुलींची मेहनत आधी सांगते, कारण "दिवसभर मोबाईलच" असं म्हणून आपण ती बघतच नाही. खाडीच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते, आणि तशीच यंत्रात घातली तर फीत फाटते. म्हणून त्यांनी ती पनवेलला दुकानात नेऊन साफ करून घेतली, मग पेन ड्राइव्हवर उतरवली. कोणी हललं की चित्रात कंगव्याच्या दातांसारख्या रेषा यायच्या, त्या काढल्या. जुन्या टीव्हीचं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की सगळे जाडे दिसतात, तेही सुधारलं. एका ॲपने चेहरे "स्पष्ट" करताना आजीची नथच पुसून टाकली, तेव्हा ते ॲप सोडून दिलं. दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी आठ दिवस! आमच्या प्रकल्पवहीला एवढा वेळ कुणी देत नाही.

आणि मग त्यांनी कॅसेटचा आवाज पूर्ण बंद करून त्यावर हळदीत वाजतं तसलं डीजेचं गाणं टाकलं.

आजीने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि एवढंच विचारलं, "तोंड माजा, न आवाज कुनाचा?"

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या चित्रीकरणातून चाहत्याने नवा व्हिडिओ करावा, जरूर करावा. चित्र कापा, मागेपुढे करा, रंग उजळा. पण गाणाऱ्या माणसाचा आवाज काढून घेऊ नका. "पोरांची हौस आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं एक पालक म्हणाले. हौस आहे हे खरंच. पण त्या आजी आता दमाने गाऊ शकत नाहीत. त्यांचा तेव्हाचा आवाज फक्त त्या फितीत आहे.

हाच आवाज चित्राला जुळवण्यासाठी मोठमोठ्या लोकांनी किती वर्षं घालवलीत बघा. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गाणी म्हटली. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी चित्रीकरण केलं, पण प्रत्येक शॉटआधी क्लॅपची पाटी वाजवली नाही. त्यामुळे कुठला आवाज कुठल्या चित्राचा, हे जुळेना. गाण्यांचा अल्बम त्याच वर्षी निघाला, सिनेमा मात्र पडून राहिला. पुढे संगणकाच्या मदतीने जुळणी झाली, तर खुद्द अरीथाबाईंनीच तो दाखवू नये म्हणून कोर्टात धाव घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या गेल्या, आणि कुटुंबाच्या संमतीने नोव्हेंबरमध्ये 'अमेझिंग ग्रेस' लोकांसमोर आला. ४६ वर्षं! आपल्या मुली तोच आवाज एका बोटाने बंद करतात.

परवानगीचा मुद्दाही त्यातच आला. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्या, वाजवणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे आणि आता तो ५० वर्षं टिकतो. वर्गात शिकवताना दाखवणं वेगळं, रील करून जगाला दाखवणं वेगळं. आपण शिक्षकच स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बिनधास्त टाकतो (मीही टाकलेत), तेव्हा मुलींना काय बोलणार?

असो. मुली पुन्हा बसल्या. या वेळी मूळ आवाज वेगळा काढून खरखर थोडी कमी केली. जास्त कमी केली की आजींचा गळाच पातळ व्हायचा, म्हणून बरीचशी तशीच ठेवली. मागे एक बाळ रडतंय, तेही ठेवलं. पण साफ केलेला आवाज परत चित्राखाली लावला तर ओठ पुढे आणि शब्द मागे! तासभर डोकं खाजवल्यावर एकीला दिसलं, कोपऱ्यात कुणाच्या तरी हातातून तांब्या पडतो. तो पडताना दिसतो तिथेच खणकन आवाज लावला आणि ओठ जुळले.

आजींनी तो तीनदा बघितला. एके ठिकाणी "हिते मी चुकलेली" म्हणून हसल्या. शाळेत दाखवायला हो म्हणाल्या, पण मोबाईलवर सगळीकडे पाठवायला नको म्हणाल्या. त्यामुळे या लेखासोबत व्हिडिओ जोडलेला नाही.