रंग कळो न कळो, कपडे झोकात घाला

‘हे कशावर काय चढवलंस?’ असं ज्याला घरातून निघताना नेहमी ऐकावं लागतं आणि आपलं चुकलं कुठे हेच ज्याला उमगत नाही, त्याच्यासाठी हे चार शब्द. विटकरी पँटवर मेंदी रंगाचा शर्ट, एका पायात काळा मोजा तर दुसऱ्यात गडद तपकिरी, नवरात्रात गुलाबी ठरलेल्या दिवशी अंगात राखाडी कुर्ता. लोक याला वेंधळेपणा म्हणून हसतात. पुष्कळदा तो रंगांधळेपणा असतो.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो साधारण 12 जणांत एकाला असतो, बायकांत 200 जणींत एकीला. आपल्याकडेही तो दुर्मीळ नाही. डोळ्यांत रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतली लाल किंवा हिरव्याच्या बाजूची पेशी नसली किंवा वेगळी निघाली, की लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांची सरमिसळ होते. हा गुण येतो एक्स गुणसूत्रातून. मुलाला ते गुणसूत्र एकच मिळतं, तेही आईकडून. म्हणूनच आजोबांचा दोष मुलीला वगळून नातवात उतरतो. तुम्हाला शंका असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची इशिहारा चाचणी काही मिनिटांत होते. जन्मजात दोषावर औषध नाही, पण तो वाढतही नाही. मात्र मोठेपणी रंग नव्यानेच फिके दिसू लागले, तर वाट न पाहता डोळे तपासून घ्या.

यात लाजण्यासारखं काही नाही. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टनने 1794 साली स्वतःच्याच रंगांधळेपणावर निबंध वाचला होता. मार्क झुकरबर्गला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही, निळा मात्र उत्तम दिसतो. फेसबुक निळं आहे ते त्यामुळेच.

आता मुद्द्याचं. कपडे शोभून दिसतात ते फक्त रंगामुळे नव्हे. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या टोकावर बसली आहे का, पँटची मोहरी बुटावर गोळा होत नाही ना, कॉलरला इस्त्री आहे का, हे सगळं तुम्हाला इतरांइतकंच स्वच्छ दिसतं. कापडाचा पोत, चकाकी, गडद-फिकटही दिसतं. जे दिसतं त्याच्यावर भिस्त ठेवा. शिंप्याला फिटिंगसाठी दिलेले पैसे कधी वाया जात नाहीत.

कपाटाचा पाया मोजक्या रंगांचा ठेवा: नेव्ही ब्लू, पांढरा, राखाडी आणि डेनिम. यांतलं काहीही कशावरही चालतं. हौस म्हणून एखादा भडक रंग घ्यायचा, तो एका वेळी एकच, आणि बाकी सगळं साधं. जोडी जमवताना गडदावर फिकट किंवा फिकटावर गडद, एवढं सूत्र धरा. शंका आली तर दोन्ही कपडे पलंगावर शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात दोन्ही ठळक वेगळे दिसले, तर जोडी बहुधा निभावते.

खरेदी दिवसाउजेडी करा आणि रंगाचं नाव दुकानदाराला सरळ विचारा. निळा समजून जांभळा, राखाडी समजून फिका गुलाबी, काळा समजून गडद मरून, या फसगती नेहमीच्या. घरी आल्यावर कपड्याला खूण करा. पूर्वी धोबी कॉलरच्या आत खूण घालत, तीच युक्ती. हिरव्याला एक टाका, तपकिरीला दोन, मरूनला तीन, आणि कपाटाच्या दाराला आतून त्याची यादी. मोजे सगळे एकाच रंगाचे घ्या, म्हणजे जोडी लावायचा प्रश्नच मिटला. लग्नकार्याला कुर्ता-जॅकेट संचच घ्या आणि एकाच हँगरला टांगा. बायकांनी साडी आणि तिचा ब्लाउज एकाच पिशवीत ठेवावा. जमलेल्या जोड्यांचे फोटो मोबाइलमध्ये असले, की सकाळी कुणाला हाक मारायला नको.

घरच्यांना एक विनंती. ‘मग हा कोणता रंग, सांग बघू?’ ही परीक्षा बंद करा. पाहुण्यांसमोर तर नकोच. त्याने विचारलं तर नीट सांगा, न विचारता टोकू नका. मूल चित्रात झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवत असेल, तर रागावण्याआधी डोळे तपासा. ऑफिसात नवरात्राचे रंग पाळत असाल तर हौसेने पाळा, पण चुकीच्या रंगात आलेल्याला फोटोतून बाजूला काढू नका.

दुकानदार आणि कपडे बनवणारे यांच्याकडेही मागणं आहे. चिठ्ठीवर किमतीशेजारी रंगाचं साधं नाव छापा: हिरवा, तपकिरी, डाळिंबी. या एका शब्दाला खर्च काही येत नाही. 2020 मध्ये सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना वाहन परवान्याचा रस्ता खुला केला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेला रंगांधळ्यांसाठी सगळे अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. जिथे रंगाशी थेट गाठ, तिथली दारं उघडली. कापडदुकानाने एवढं तर करावं.

आणि ज्याच्यासाठी हे लिहिलं त्याने येत्या रविवारी कपाट रिकामं करावं. घरातलं एक विश्वासाचं माणूस शेजारी बसवावं, सुईदोरा घ्यावा आणि खुणा करून टाकाव्यात. दुपारच्या जेवणाआधी काम उरकेल. सोमवारी मग आरशासमोर रंगाची नव्हे, फक्त इस्त्रीची काळजी करा.