घरचें आरोग्य : रेंगाळलेलें पडसें आणि रात्रीची धडधड

पौष-माघाच्या दिवसांत बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत दुपार तापलेली आणि रात्र गारठलेली, असा हवेचा खेळ चालतो. पर्जन्यछायेंतला हा मूळचा कोरडा मुलूख. नीरेचा डावा कालवा आला आणि येथें ऊस पिकूं लागला. ऊसतोडणीच्या हंगामांत गुऱ्हाळांचा व जळत्या पाचटाचा धूर आणि उसाच्या गाड्यांनीं उडविलेली धूळ यांनीं हवा भरून जाते. आठ दिवसांत हटावें तें पडसें अशा हवेंत तीन-तीन आठवडे रेंगाळतें. मग एखाद्या रात्रीं घर निजल्यावर रोग्यास एकाएकीं जाग येते, छातींत धडधड होत असते, आणि 'हें हृदयाचें तर नव्हे?' या शंकेनें घाम फुटतो. अशा वेळीं काय करावें याचा विचार या महिन्यांत करूं.

पहिली गोष्ट अशी कीं, बहुतेक वेळां ही धडधड घातक नसते. दिवसभर माणसांचा राबता आणि मुलांचा गलका यांत स्वतःच्या हृदयाकडे कोणाचें लक्ष जाणार? रात्रीं सारें शांत झालें आणि मनुष्य डाव्या कुशीवर निजला, म्हणजे तोच ठोका स्पष्ट जाणवतो. अंगांत ताप असेल तर नाडी जलद होणारच. फॅरनहाइटच्या एका अंशास सुमारें १० ठोके, असा जुना ठोकळ हिशेब आहे. तोंडास चव नाहीं म्हणून पाणी कमी पोटांत गेलें, किंवा खोकल्यानें झोप मोडली, तरीहि हृदयाची गति वाढते.

दुसरें कारण पुष्कळदां घरच्या फडताळांतच सांपडतें. नाक मोकळें करणाऱ्या अनेक गोळ्यांत व पातळ औषधांत फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतें. हीं द्रव्यें नाकांतील रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून श्वास मोकळा होतो. परंतु त्यांनींच रक्तदाब चढतो आणि कांहींची छाती धडधडूं लागते. नाकांत घालावयाचे झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पांच दिवसांपलीकडे चालू ठेवले तर नाक उलट अधिकच चोंदतें, आणि पडसें हटत नाहीं असें वाटूं लागतें. दम्याच्या फवाऱ्यांतील साल्ब्युटामॉलनेंहि हात कांपतात व ठोके वाढतात. मात्र तो फवारा आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें.

आपल्या काढ्यांकडेहि डोळसपणें पाहिलें पाहिजे. आलें, तुळस, गवती चहा यांच्या ऊन काढ्यानें घशास बरें वाटतें, याबद्दल वाद नाहीं. परंतु ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे भरपूर पोटांत गेला तर शरीरांतील पोटॅशियम घटतें, रक्तदाब वाढतो आणि नाडी अनियमित होऊं शकते. रक्तदाबाच्या व हृदयाच्या रोग्यांनीं, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं, तो टाळावा.

आतां ज्या लक्षणांस पडसें समजून स्वस्थ बसतां कामा नये तीं पाहूं. उताणें निजतांच श्वास कोंडतो आणि उठून बसलें कीं बरें वाटतें. झोंप लागल्यावर तासा-दोन तासांनीं गुदमरून जाग येते. एका उशीवर निजणाऱ्या आजोबांस आतां तीन उशा लागतात. संध्याकाळीं पाय सुजतात. असा खोकला घशाचा नसून थकलेल्या हृदयाचा असूं शकतो. आडवें होतांच पायांकडील रक्त छातीकडे परततें. तें पुढें ढकलण्याचें सामर्थ्य हृदयांत नसलें म्हणजे फुप्फुसांत पाणी सांचूं लागतें. दम्याच्या रोग्यासहि रात्रीं असाच त्रास होतो. दोहोंतला भेद तपासणीवांचून कळत नाहीं.

शिवाय, साधें पडसें आणि इन्फ्लुएन्झा हीं एक नव्हेत. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, तपासणीनें सिद्ध झालेल्या इन्फ्लुएन्झाच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचें प्रमाण एरव्हींच्या सुमारें सहापट आढळलें. म्हणून घरांतील वृद्धांस दरवर्षीं या रोगाची लस देण्याविषयीं डॉक्टरांशीं बोलावें. क्वचित् प्रसंगीं विषाणूंमुळें हृदयाच्या स्नायूसच दाह होतो, आणि तो धडधाकट तरुणासहि सोडीत नाहीं. मुलांचा घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनीं सांधे सुजले, तर तो संधिवाताचा ताप असूं शकतो. घशाच्या दुखण्यांतच पेनिसिलिन मिळालें तर तो बहुधा टळतो. दुर्लक्ष झालें तर हृदयाच्या झडपा बिघडतात. बालपणींचें तें दुखणें विस्मरणांत जातें, आणि पुढें ऐन तारुण्यांत, कित्येकदां गरोदरपणीं, रात्रीं श्वास लागूं लागतो तेव्हां प्रथम उघडकीस येतें.

रात्रीं धडधडूं लागलें तर उठून टेकून बसावें आणि पाय खालीं सोडावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशीं दोन बोटें ठेवून घड्याळावर पुरीं ६० सेकंद नाडी मोजावी, ठोके सारख्या अंतरानें पडतात कीं नाहीं तें पाहावें, ताप मोजावा, आणि हें सर्व दिवसभर घेतलेल्या औषधांच्या नांवांसह कागदावर टिपावें. प्रौढाची विश्रांतीची नाडी मिनिटास ६० ते १०० असते. थोड्या वेळांत बरें वाटलें तर तो कागद सकाळीं डॉक्टरांस दाखवावा. परंतु छातींत दाटून दुखत असेल, कळ हातांत किंवा जबड्यांत जात असेल, बसूनहि श्वास पुरत नसेल, घेरी आली असेल, ओंठ निळसर दिसत असतील, किंवा ताप नसतां नाडी १२० च्या वर राहून उतरत नसेल, तर पहांटेची वाट पाहूं नये.

१०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. बारामतीहून पुणें सुमारें १०० आणि इंदापुराहून सुमारें १४० किलोमीटर. पुण्याचेंच मोठें रुग्णालय गाठण्याच्या हट्टानें पहिले दोन तास वाटेंत घालवूं नयेत. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे; जवळच्या ठिकाणीं आधीं हृदयाचा आलेख काढून उपचार सुरू करावे, पुढें न्यावयाचें कीं नाहीं तें तेथील डॉक्टर सांगतील.

शेवटीं एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. दहा-बारा माणसांच्या घरांत रात्रीं दुखणाइताजवळ कोणी नसतें असें सहसा होत नाहीं. होतें तें असें कीं, तो कोणास उठवीत नाहीं. 'मामंजींची झोंप मोडेल' म्हणून सून उशीला टेकून रात्र काढते. 'पोरें दिवसभर दमतात' म्हणून आजी माजघरांत एकटी बसून राहते. सकाळीं विचारलें तर 'जरा खोकला होता' एवढेंच उत्तर मिळतें. हा संकोच घरांतील कर्त्या माणसांनीं आपण होऊन मोडला पाहिजे. पडसें आठ दिवसांपलीकडे गेलें कीं रोग्याजवळ कोणी निजावयाचें, रात्रीं प्रथम कोणास उठवावयाचें आणि डॉक्टरांचा क्रमांक कोठें लिहिला आहे, हें संध्याकाळच्या जेवणाच्या वेळींच सर्वांदेखत ठरवावें. आणि उठविल्यावर दुखणें किरकोळ निघालें, तर त्याबद्दल त्या माणसास एक अक्षरहि बोलूं नये.