बाळाचा पहिला घास आपल्याच गंजातला

आमच्या कोराडी-महादुल्याच्या वस्तीत सहा-सात महिन्यांचे बाळ असलेल्या कोणत्याही घरी दुपारी जाऊन पाहा. माउली वरणाच्या गंजातले वरवरचे पाणी अलगद वाटीत काढते, त्यात मिठाचा खडा टाकते आणि बाळाला पाजते. बाळ मिटक्या मारीत पिते, पोट टम्म होते आणि झोपी जाते. "बाळ जेवते हो आता," असे आजी शेजारणीला कौतुकाने सांगते. तीन महिन्यांनी अंगणवाडीच्या काट्यावर त्याच बाळाचे वजन जिथल्या तिथे असते. मग नजर लागली, दात येत आहेत, अंगच बारीक आहे, अशी कारणे निघतात. वास्तविक कारण त्या वाटीतच असते. दाळ गंजाच्या बुडाशी राहिली आणि बाळाच्या पोटात गेले ते पाणी!

आम्ही वाणिज्य शाखेचे, वैद्यक काही शिकलेलो नाही. परंतु जमाखर्च आम्हाला कळतो, आणि बाळाच्या जेवणाची गोष्ट बरीचशी जमाखर्चाचीच आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या सुमारे ४०० आईच्या दुधातून मिळतात. राहिलेल्या २०० वरच्या अन्नातून यायला हव्यात. नऊ महिन्यांनंतर ही तूट ३०० वर जाते आणि वर्ष उलटल्यावर ५५० च्या घरात. आता बाळाचे पोट केवढे? वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलीलिटर. म्हणजे सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी घरातली एक मोठी वाटीच मावते. ती पाण्याने भरली तर अन्नाला जागा उरत नाही. भूक मेली, तूट मात्र तशीच राहिली. हा तोटा रोज साचत जातो आणि दोन वर्षांनी पोरगे वयाच्या मानाने बुटके दिसू लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुले अशी खुरटलेली आढळली. त्याच पाहणीत सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, पुरेसा आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण साऱ्या देशात शंभरात जेमतेम ११ निघाले. याला एकटी गरिबीच कारण असती तर खात्यापित्या घरांतली बाळे तरी या ११ च्या बाहेर राहिली नसती.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे घट्टपणा. चमचा तिरपा केला की घास ओघळून जाता कामा नये, चमच्याला धरून राहावा. एवढी एक खूण आजीबाईंनी लक्षात ठेवली तरी अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट वेळेची. जुन्या बाया चौथ्या महिन्यातच बाळाला काहीबाही चाटवीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न द्या असेच तेव्हा दवाखान्यातही सांगत. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण सहा महिने फक्त आईचे दूध, अशी शिफारस केली. पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध तर वर्षभर अजिबात नाही, कारण मधातल्या एका जंतूचे विष इवल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. परंतु सहा महिने भरल्यावर थांबायचेही नाही. बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येते तो या सुमारास सरत आलेला असतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडे. हा हिशेब दात येण्याची वाट पाहत नाही. काही घरी मामा गावाहून येईल, चांगला दिवस पाहून उष्टावण करू, तोवर थांबू, असे चालते. मामाने जरूर यावे, बाळाला झबले आणावे, पण बाळाची भूक पंचांग वाचत नाही आणि आपण तर पंचांग केव्हाच सोडले आहे. वर सांगितलेल्या पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी दुधासोबत वरचे अन्न सुरू झालेली बाळे शंभरात ४६ च होती. निम्म्याहून अधिक घरांत उशीरच होतो.

द्यायचे काय? महादुल्याच्या एका भगिनीने आम्हाला विचारले, "भाऊ, आम्हाला ते डब्याचे परवडत नाही, मग बाळ वाढेल कसे?" आमचे उत्तर असे की डबा परवडत नाही हे बाळाचे नशीबच समजा. आपल्या घरात रोज शिजणारा भात, वरण, भाजी हेच बाळाचे अन्न आहे. फक्त तिखट-मीठ टाकण्याआधी त्याच्या वाट्याचे बाजूला काढायचे. मऊ भात आणि घट्ट वरण वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने किंवा हाताने कुस्करावे, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप सोडावे. तेलाला घाबरू नये. थोडक्या जागेत जास्त ताकद तेच देते. कोहळं, गाजर, बटाटा भातासोबतच वाफवून घ्यावा. चवळी, पालक, मुंगण्याचा पाला यातले काही मूठभर वरणातच शिजवावे आणि वरून लिंबाचे चार थेंब पिळावेत, म्हणजे पाल्यातले लोह अंगी लागते. पिकलेले केळ, पपई हे तर नुसते कुस्करून. मिक्सरमध्ये फिरवून पातळ करू नका. पहिले काही दिवस गुळगुळीत, आठ-नऊ महिन्यांपासून थोडे जाडेभरडे, आणि वर्षाचे झाल्यावर घरातले सर्व, असे गेले म्हणजे बाळ चावायला शिकते.

ज्या घरी सकाळी आठला आई कामावर जाते त्या घरी खिमटीचे पीठ करून ठेवावे. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची दाळ, दोन्ही धुऊन सावलीत वाळवावे, मंद आचेवर भाजावे, चिमूटभर जिरे घालून रवाळ दळावे आणि कोरड्या डब्यात भरावे. धान्यात जे कमी ते दाळीत असते आणि दाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही सोबत. दहा मिनिटांत खिमट शिजते. भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट चमचाभर घातला तर आणखी उत्तम. अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो.

या पिठाची एक युक्ती बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात अभ्यासून दाखविली. घट्ट शिजवलेली पेज बाळाला गिळता येत नाही म्हणून आया पाणी वाढवितात, ही अडचण त्यांनी हेरली. मोड आणलेला गहू वाळवून, हलका भाजून त्याचे पीठ करायचे आणि त्यातले चिमूट-दोन चिमूट गरम घट्ट खिमटीत ढवळायचे. मोडामध्ये पिष्ट फोडणारे द्रव्य असते, त्यामुळे पाणी न वाढविता खिमट सैल होते. वाटी तेवढीच, पण धान्य जास्त. पीठ घातल्यावर एक उकळी काढायला विसरू नये. (हे पातळपण दाळीच्या पाण्याचे पातळपण नव्हे, एवढे आजीला समजावून सांगावे लागेल.)

आता अंड्याविषयी. आपल्या समाजातल्या काही नव्याने शिकलेल्या, फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या घरांत एक नवीच सोवळेपणाची हवा आली आहे. शेजारी काय म्हणतील म्हणून घरात अंडे शिजत नाही आणि बाळाला तर "इतक्यात नको, उष्ण पडते" असे सांगतात. पूर्वी डॉक्टरही वर्षापर्यंत थांबायला सांगत. आताचे शास्त्र तसे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत सहा महिन्यांपासून अंडी, मासे, मांस हे रोजच्या आहारात असावे असे आहे. पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून भातात कालवावे, सुरुवातीला चमचाभर देऊन दोन-तीन दिवस अंगावर पुरळ वगैरे येत नाही ना ते पाहावे, मग वाढवावे. कोंबडीची कलेजी चांगली शिजवून, तिचा लहानसा तुकडा आठवड्यातून एकदा. मासळी काटे काढून. रक्त वाढविणारे लोह कलेजीइतके सहज दुसऱ्या कशातून मिळत नाही. देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांत ६७ मुले रक्त कमी असलेली आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे सोवळेपणाची किंमत कळते. ज्या आहारावरून आपल्या वाडवडिलांना हिणवले गेले त्यातच बाळाचे लोह होते. शासनालाही हे पटते, पण अर्धवट. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील सात महिन्यांवरच्या बालकांना २०१६ पासून अंडी आली. शाळेच्या पोषण आहारात २०२३ साली आलेल्या अंड्यांचा पैसा मात्र जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला. बाळाचे अंडे आपल्यालाच घरी उकडावे लागणार.

डब्याचे बोलू. तीनशे ग्रॅमच्या डब्याच्या पैशात दोन डझन अंडी येतात की नाही, ते आपल्याच दुकानात भाव विचारून पाहा. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने तपासणी करून दाखवून दिले की नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळपास तीन ग्रॅम साखर घातलेली होती, आणि स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच मालात ती नव्हती. गोऱ्या बाळाला एक न्याय आणि आपल्या बाळाला दुसरा! बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने साखर न घातलेले प्रकार आणण्याचे जाहीर केले. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करणे, दवाखान्यात नमुने वाटणे त्याने बंद केले. तेव्हा कोणी पांढऱ्या कोटातला माणूस डबा भेट देऊ लागला तर तो कायद्याबाहेरचे काम करतो आहे असे समजावे.

डब्याहून वाईट खोड मात्र आपली स्वतःची आहे, ती चहात बुडविलेल्या बिस्किटाची. चहा आहारातले लोह अंगी लागू देत नाही, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि गोडाची चटक लागलेले मूल वरणाकडे पाहत नाही. वर्षाच्या आत साखर-मीठ वेगळे घालण्याची गरजच नाही. बाटलीही नको, वाटी आणि चमचा धुवायला सोपा.

आमच्या कोराडीत हवेतली राख भांड्यावर बसते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी शिजलेले दुपारपर्यंत आंबते. म्हणून बाळाचे नेहमी झाकलेले असावे, पाणी उकळून गार केलेले, आणि दोन तासांवरचे उरले तर मोठ्याने खाऊन टाकावे. भरविणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावे. अर्धी हगवण इथेच थांबते.

भरविणार कोण, हा खरा अवघड प्रश्न. मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाळंतीण कामगार स्त्रीला विश्रांती व भत्ता देण्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार बराचसा सरकारने उचलला पाहिजे असे मांडले. २०१७ साली ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, म्हणजे नेमकी सहा महिन्यांची. दूध सुटून घास सुरू करायच्या दिवशीच आई कामावर परत! आणि धुणीभांडी करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या भगिनींना तेवढीही रजा कोण देतो? त्यांची बाळे आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतात, आणि ती पोरगी शाळा बुडवून बिस्किटाचा पुडा फोडते. इथे वस्तीने एकत्र यावे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तो गाईला घालू नये, बेचव वाटला तर त्यात दाळ-भाजी मिसळून शिजवावा. ठेकेदाराकडे, नगरपंचायतीकडे पाळणाघर मागावे, अर्ज आम्ही लिहून देऊ. आणि संध्याकाळचा एक घास बापाने भरवावा. बाळ बापाच्या हातूनही गिळते, आम्ही पाहिले आहे.

किती वेळा, असे विचारले जाते. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. वाढवीत अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांपासून तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, मधे फळ किंवा उकडलेला बटाटा. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. आजारपणात घास तोडू नये, थोडे-थोडे पण जास्त वेळा द्यावे, आणि बरे झाल्यावर पंधरा दिवस एक जेवण वाढवावे. नवीन चव बाळाने तोंडातून बाहेर ढकलली म्हणजे त्याला ती आवडत नाही असे नव्हे. जीभ अजून शिकते आहे. तीच भाजी दोन दिवसांनी पुन्हा द्या, आठ-दहा वेळा दिल्यावर बहुतेक बाळे ती घेऊ लागतात.