जागतिक शहर नेमके कोण चालवते?

मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची, असा आराखडा नीती आयोगाने २०२४ मध्ये मांडला. ‘जागतिक शहर’ हा शब्द आता प्रत्येक भूमिपूजनात ऐकू येतो. पण शहर जागतिक ठरते कशाने? लोकसंख्येने म्हणाल, तर ढाका आणि किन्शासा लंडनपेक्षा मोठी आहेत.

समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१ च्या ‘द ग्लोबल सिटी’ या ग्रंथात न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोचा अभ्यास करून उत्तर शोधले. कारखाने जगभर पांगले, त्यांचे नियंत्रण मात्र मोजक्या शहरांत एकवटले. बँका, विमा, वकील, हिशेब तपासनीस जिथे शेजारी शेजारी बसतात, तिथून दूरदेशीच्या गिरणीचे आणि खाणीचे भवितव्य ठरते. लंडनचे बंदर ओस पडले तरी शहराचे वजन घटले नाही. १९८६ मध्ये शेअर बाजाराचे निर्बंध सैल झाले आणि जुन्या गोदीच्या जागी कॅनरी व्हार्फचे बँकांचे मनोरे उभे राहिले. घड्याळही लंडनच्या बाजूने आहे: सकाळी आशियाशी व्यवहार, दुपारनंतर न्यूयॉर्कशी. शिवाय दोन परदेशी कंपन्यासुद्धा आपसातला करार इंग्लिश कायद्याखाली करतात.

सासेन यांचा दुसरा मुद्दा मात्र भूमिपूजनाच्या भाषणांत कधीच येत नाही. या कार्यालयांतले सफाई कामगार आणि पहारेकरी हेही त्याच जागतिक अर्थव्यवस्थेचा भाग आहेत. पूर्व लंडनमध्ये २००१ साली जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम उभी राहिली. २००३ मध्ये एका बड्या बँकेच्या भागधारक सभेत तिथल्याच रात्रपाळीच्या सफाई कामगाराने अध्यक्षांना समोरासमोर जाब विचारला. पुढे त्या बँकेतल्या सफाई कामगारांचे वेतन वाढले.

आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. निकाल आला २०१७ मध्ये. या कामात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून ३०० अब्जांच्या चर्चेत आपण कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीचे प्रश्न घेऊन उतरायला हवे. काचेच्या इमारतीत झाडू मारणाऱ्याच्या पगाराची जबाबदारी ठेकेदारावर ढकलून इमारतीचा मालक मोकळा होणार का? आणि पहाटेच्या पाळीला येणाऱ्या बाईचे घर त्या इमारतीपासून किती किलोमीटरवर असेल?