तबला समोर, डग्गा सोफ्यामागे

सबवूफर घेतला की तो ऐकू आलाच पाहिजे, असा आपल्याकडे एक हट्ट असतो. पैसे मोजलेत ना! माझं मत उलटं आहे. तो आहे हे कळताच कामा नये. बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटायला हवं.

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. म्हणून क्रॉसओव्हर तिथे ठेवायचा सल्ला देतात. पण तळहाताएवढे सॅटेलाइट त्याच्या बरेच आधी दमतात. मग क्रॉसओव्हर १२०-१५० पर्यंत वर न्यावा लागतो आणि सबवूफरची जागा कळायला लागते. तो सोफ्यामागे असेल तर तबला समोर वाजतो आणि डग्गा पाठीशी! तेव्हा वायर लपवायची सोय बघू नका, त्याला सॅटेलाइटजवळच ठेवा. कोपरा मात्र टाळा, तिथे आवाज घुमतो.

फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीकडे करून बघा, डग्गा भरीव वाटेल तिकडे राहू द्या. पातळी शेवटी ठरवा, पण सिनेमा लावून नको. स्फोट काय, कसेही लावले तरी जोरदारच वाटतात. साधा ठेका लावा. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा स्वर मध्येच फुगला, तर सबवूफर अजून जास्त आहे.