विकलेल्या यंत्रावरील मक्तेदारी

विकत घेतलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, असे विचारल्यास कोणीही सांगेल की घेणाऱ्याचा. कॅनन या जपानी कंपनीच्या डिजिटल कॅमेऱ्यांना मात्र हा साधा न्याय लागू नाही. त्यांतील ‘डिजिक’ प्रोसेसरशी कोणत्या संकेतांनी बोलावे, याची माहिती कंपनी बाहेर येऊ देत नाही. वाडा खरेदीदाराचा, किल्ल्या मात्र विकणाऱ्याच्या कमरेला!

हे कुलूप उघडण्यासाठी ‘मॅजिक लँटर्न’ या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांनी धरलेला मार्ग समजून घेण्याजोगा आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्यूईएमयू’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी डिजिकची प्रतिकृती उभारली. कॅमेऱ्याचीच आज्ञावली साध्या संगणकावर चालवायची. ती एखाद्या अज्ञात पत्त्यावर काही विचारू लागली की नोंद करायची. कोणते उत्तर मिळाल्यास ती पुढे सरकेल हे तर्काने ताडायचे आणि पुन्हा आरंभ करायचा. चूक झाली तरी कॅमेरा निकामी होत नाही, हा लाभ खरा. परंतु कंपनीच्या कपाटात तयार असलेल्या माहितीसाठी माणसांची वर्षे खर्ची पडावीत, हा श्रमाचा केवढा अपव्यय!

कुलपाआड काय दडले होते, ते २०१३ साली दिसले. ‘फाइव्ह डी मार्क थ्री’ या कॅमेऱ्यात एकही भाग न बदलता स्वयंसेवकांनी ‘रॉ’ चलचित्रण साध्य केले. यंत्राची क्षमता होती. कंपनीने ती ग्राहकाला दिली नव्हती.

संशोधनात भांडवल गुंतते, असे कंपन्यांचे समर्थक म्हणतील. गुंतते खरे, म्हणून तर समाजाने पेटंटचा करार केला : शोध उघड करा आणि वीस वर्षे मक्तेदारी भोगा. व्यापारी गुपित मात्र मुदतीवाचून मक्तेदारी घेते आणि समाजाला काहीच देत नाही. शिवाय येथे कोणी प्रोसेसरचा आराखडा मागत नाही. विकून झालेल्या यंत्राशी बोलण्याची भाषा तेवढी मागितली जात आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२, अन्यथा सहज न मिळणारी अशी माहिती आपली आज्ञावली जुळवण्यासाठी शोधून काढण्याची मुभा कायदेशीर धारकाला देते. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. शोधणाऱ्याला परवानगी आहे. सांगण्याचे बंधन मात्र उत्पादकावर नाही. ते घातले गेले पाहिजे. निदान ज्या यंत्राचे उत्पादन थांबले, त्याची माहितीपत्रके खुली करणे कायद्याने सक्तीचे व्हावे. तोवर ग्राहकाने मोजलेली किंमत ही किंमत नव्हे, ते भाडेच होय.