आपली ‘चाळिशी’

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होते, जवळची अक्षरे धूसर होतात. म्हणून मराठीने चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले. हा उपाय इटलीत १२८६च्या सुमारास जन्मला. विजयनगरचे व्यासतीर्थ १५२०च्या सुमारास चष्मा वापरीत, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी नोंदवले आहे. तेव्हा पोथी वाचणाऱ्यास लाभलेले हे साधन आज शेतकऱ्यासही हवे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. परंतु कीटकनाशकाच्या डब्यावरील बारीक सूचना चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना वाचता येतीलच, असे नाही. म्हणून हातमोजे आणि मुखपट्टीबरोबर शेतकऱ्याला चाळिशीही दिली पाहिजे, असे माझे मत आहे.